बाहुलीची भीमरथ शांत

पहिली सुरकुती मी बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास डाव्या गालावर घातली, आणि गुरुवारी दिवेलागणीपर्यंत ती आमच्या हुबळीच्या कमरीपेठेतल्या गल्लीचा सार्वजनिक प्रश्न होऊन बसली.

गाल बाहुलीचा होता, हे आधी सांगायला हवं. माणसांच्या गालांवर सुरकुत्या घालायचं काम माझ्याकडे नाही. तेही काम मी पस्तीस वर्षं चोख करतो आहे, असं श्यामलेचं, म्हणजे माझ्या बायकोचं, मत आहे. पण मतं काय, घराघरांत असतात.

मी निवृत्त मराठी शिक्षक. निवृत्तीनंतर कुणी रक्तदाब सांभाळतं, कुणी नातवंडं. मी कापडाच्या बाहुल्या शिवतो. तीन वर्षांत एकतीस शिवल्या. सगळ्यांचे डोळे टपोरे, ओठ लाल, आणि चेहऱ्यावर नुकताच साताचा पाढा विचारल्यासारखा भाव. पुरुषमाणसानं बाहुल्या शिवाव्यात यावर गल्ली पहिली दोन वर्षं हसली, तिसऱ्या वर्षी कंटाळली. श्यामला मात्र हसलीही नाही आणि कंटाळलीही नाही, कारण त्या एकतीस जणी दिवाणखान्यातल्या तिच्या माहेरच्या कपाटात राहत होत्या, आणि तिचे काचेचे पेले कॉटखाली गेले होते.

अशात बेंगळुरूहून फोन आला. आमच्या वेदश्रीनं, पुण्याला असते ती मुलगी, माझ्या बाहुल्यांचे फोटो इंटरनेटवर टाकले होते. ते अर्चना देसाई नावाच्या बाईंनी पाहिले. मूळच्या बेळगावच्या, बेंगळुरूला दातांच्या डॉक्टर, आणि बाहुल्या जमवण्याचा नाद इतका की घरात माणसांपेक्षा कपाटं जास्त.

"सर, गोड आहेत हो तुमच्या बाहुल्या," त्या म्हणाल्या, "पण सगळ्या पहिलीतल्या. माझ्याकडे सहाशे आहेत. त्यातल्या साडेपाचशे पहिलीतल्या आणि उरलेल्या पन्नास नवऱ्या मुली. मला वय झालेली हवी. पिकल्या केसांची, सुरकुत्यांची. कुणी करतच नाही. पुढच्या आठवड्यातल्या रविवारी हुबळीला येणार आहे. करून ठेवाल? मनात भरली तर घेऊन जाईन."

मी होय म्हणालो आणि फोन ठेवून मागे वळलो, तर भीमसेनराव दारात. भीमसेनराव समोरच्या घरातले, तहसील कचेरीतून निवृत्त. ते दुसऱ्याच्या घरातला फोन पूर्ण ऐकतात आणि मग ठोठावतात.

"मास्तर, म्हातारी बाहुली कोण घेतं हो?" ते बसत म्हणाले. "लोक मागतात एक आणि घेतात एक. मंडईत वांगं घ्यायचं तरी कोवळं बघून घेतात की."

"लोणचं मुरलेलंच घेतात," मी म्हणालो.

"लोणच्याशी खेळत नाही कुणी."

"आणि नाही घेतली तर?" आतून श्यामला म्हणाली. "बत्तिसावी कुठं ठेवणार? माझ्या डोक्यावर?"

माणसाचा स्वाभिमान हा दुधासारखा असतो. तासभर निवांत असतो आणि नेमका आपण वळलो की उतू जातो. मी उभा राहून म्हणालो, "अर्चनाबाईंनी ही बाहुली नेली नाही, तर सुई-दोरा देवापुढे ठेवीन. पुन्हा टाका घालणार नाही. आणि कपाट त्याच दिवशी रिकामं करून देईन!"

आत कुकरची शिट्टी झाली. भीमसेनरावांनी घड्याळात पाहिलं. शपथेची वेळ नोंदवून घेण्याची कचेरीतली सवय. मला त्याच क्षणी पश्चात्ताप झाला, कारण खरं सांगायचं तर त्या सुई-दोऱ्याशिवाय माझ्या दिवसाला कसलीही शिवण नव्हती. पण शब्द गेला होता.

आता बाहुलीला म्हातारी करणं हे माणसाला म्हातारं करण्याइतकं सोपं नाही. माणूस आपला आपण होतो. बाहुलीला एकेक वर्ष सुईनं टोचून घालावं लागतं. जुन्या धोतराचं कापड चहात बुडवून कातडीचा रंग आणला. आतून दोरा ओढला की गालावर वळी पडते. पहिल्या दिवशी मी दोरा जरा जास्त ओढला.

"ही सत्तरीची नव्हे," भीमसेनराव म्हणाले, "ही आत्ता कुणाशी तरी भांडून आलीय."

मग मी नमुन्यांचा अभ्यास सुरू केला, म्हणजे गल्लीतल्या वयस्कर चेहऱ्यांकडे निरखून बघू लागलो. यात वाईट काय? पण तिसऱ्या घरातल्या इंदुमतीअक्का, वय वर्षं चौऱ्याहत्तर, गल्लीतलं सर्वोच्च न्यायालय, त्यांची हनुवटी मी भाजीच्या गाडीपाशी जरा जास्त वेळ पाहिली असावी.

"सुधींद्रा," त्या कोथिंबिरीची जुडी माझ्यावर रोखून म्हणाल्या, "काय बघतोस रे?"

"वळ्या, अक्का."

त्या भाजीवाल्याला हसू आवरेना. पस्तीस वर्षं व्याकरण शिकवलेल्या माणसाची अब्रू एका रुपयाच्या मिरचीबरोबर गेली. अक्का मात्र घरी आल्या, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "बघ. उजेडात बघ. पण कपाळावरच्या मोजू नकोस, त्या माझ्या नव्हेत, माझ्या जावेच्या आहेत." आणि मी दोरा ओवत असताना जात्यावर बसल्यासारख्या सुरात त्यांनी ओवी लावली:

"सुरकुती म्हणू नये, नदीचं गं ते पात्र,
पाणी वाहून गेलं, ओल राहिली मात्र."

माझी सुई थांबली. तीन वर्षांत मला कुणी असं शिकवलं नव्हतं. त्या दिवशीचा दोरा मी हलक्या हातानं ओढला आणि वळी बरोबर पडली.

पुढचा प्रश्न कापसाचा. दुकानात मिळतो तो फायबरचा भरणा कधी खाली बसत नाही, आणि म्हातारपण म्हणजे तरी दुसरं काय, जरासं खाली बसणं. खरा कापूस हवा म्हणून मी अमरगोळच्या मार्केट यार्डात गेलो. अडत्यानं विचारलं, "किती?" मी म्हणालो, "दीड किलो." बँकेत आठ आण्यांचं कर्ज मागणाऱ्याकडे बघावं तसं त्यानं पाहिलं. "सर, इथं क्विंटलमध्ये बोलतेत." त्यानं मला पावतीच्या खिडकीवर धाडलं. तिनं गेटच्या खिडकीवर. गेटच्या खिडकीनं विचारलं, "गाडी नंबर?" मी म्हणालो, "पिशवी आहे." पिशवीला नंबर नसतो, आणि नंबर नसलेलं वाहन यार्डातून माल घेऊन बाहेर पडू शकत नाही, असा नियम निघाला. शेवटी सावलीत कापूस निवडत बसलेल्या एका बाईनं विचारलं, "देवाच्या वातीला पाहिजे काय, अप्पा?" मी मान डोलावली. तिनं ओंजळीओंजळीनं पोतडीभर कापूस दिला, पैशाला हात लावला नाही.

पोतडी आधी ब्याडगी मिरचीची होती, हे घरी आल्यावर कळलं. म्हणजे श्यामलेला कळलं, मग मला कळलं, मग शिंकांच्या क्रमानं सगळ्या गल्लीला कळलं. दोन दिवस कापूस गच्चीवर उन्हात टाकला. तरीसुद्धा बाहुली भरून झाल्यावर तिचं पोट दाबलं की समोरचा एकदा शिंकायचाच.

"बरं झालं की," अक्का नाक पुसत म्हणाल्या. "सत्तरीची झाली तरी तिखट शिल्लक आहे."

शनिवारी बाहुली उभी राहिली. इरकली लुगडं, गुळेदगुड्डच्या खणाची चोळी, कापसाचा बुचडा, पाठीला किंचित बाक. मी लांब उभा राहून बघत होतो. श्यामला ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि बराच वेळ काही बोलली नाही. तिचं न बोलणं ही आमच्या घरातली सर्वोच्च पदवी.

तेवढ्यात अक्का आल्या. "कुंकू कुठाय?"

"घातलं नाही अजून."

"नवरा आहे हिला?"

"अक्का, बाहुली आहे ती."

"ते मला दिसतंय. नवरा आहे का नाही, ते सांग."

अक्का पदराशी चाळा करीत म्हणाल्या, "गल्लीत एकटी मी आहे, तेवढं पुरे. हिला जोडीदार दे बघू."

पाच दिवसांत मी म्हाताराही शिवून काढला. कोट, टोपी, आणि ओठांवर पांढऱ्या दोऱ्याची मिशी. चष्म्यासाठी गोकुळ रोडला माझ्या जुन्या विद्यार्थ्याच्या, मारुतीच्या, कारखान्यात गेलो. तो स्प्रिंगा बनवतो. मी त्याला बाहुल्याच्या डोक्याचं माप सांगितलं.

"नंबर किती, सर?" मारुतीनं विचारलं.

"नंबर नाही रे. नुसती तार वळवून दे."

"मग त्यांना दिसणार कसं?"

चष्मा त्यानं स्प्रिंगच्याच तारेचा केला. फार छान केला. पण स्प्रिंग ती स्प्रिंग. तिनं म्हाताऱ्याची दोन्ही कानशिलं अशी आवळली की त्याच्या चेहऱ्यावर कायमची डोकेदुखी आली. मी घाबरलो. श्यामलेनं नीट पाहिलं आणि म्हणाली, "राहू दे. लग्नाला पस्तीसेक वर्षं झालेला पुरुष अस्साच दिसतो."

दोघांना कपाटात शेजारी ठेवलं. एकतीस पहिलीतल्या मुलींच्या मागे दोन आजी-आजोबा, जणू शाळेच्या स्नेहसंमेलनाला पालक आले आहेत. गुरुवारी सकाळी अक्कांनी ते पाहिलं आणि नवीनच पेच काढला.

"यांचं लग्न कधी झालं?"

"झालं असेल की, अक्का."

"असेल? बिनलग्नाचे दोघे एका कपाटात, तेही सुधींद्रमास्तरांच्या घरात? आम्ही लहानपणी बाहुल्यांची लग्नं लावल्याशिवाय त्यांना शेजारी निजवतसुद्धा नव्हतो."

"नोंद तर कुठंच नाही," भीमसेनराव उंबरठ्यावरून म्हणाले. या माणसाला नोंद नसलेली गोष्ट घडलेलीच वाटत नाही.

"आता या वयात लग्न लावायचं म्हणजे..." मी म्हणालो.

"लग्न कशाला?" अक्कांचा निकाल तयार होता. "सत्तरीची माणसं म्हणजे पहिलं लग्न होऊन गेलेलं धरायचं. आता भीमरथ शांत करायची. शांतीत पुन्हा माळा घालतात, पुन्हा मंगळसूत्र बांधतात. दोन्ही कामं होतात. शनिवारी करू."

शनिवारी! रविवारी अर्चनाबाई येणार होत्या. मी म्हणालो, "अक्का, डाग पडतील. नेणाऱ्यांना कोरी करकरीत बाहुली लागते." त्यावर श्यामला, जिनं तीन वर्षांत माझ्या बाहुल्यांसाठी साधा रिकामा डबा दिला नव्हता, ती म्हणाली, "नारळ किती आणायचे, अक्का?"

आधी घरातच करायचं ठरलं होतं. शुक्रवारी सकाळी बायकांची संख्या दहा होती, दुपारी बावीस, संध्याकाळी चाळीस. म्हणून मला गल्लीच्या टोकाच्या कार्यालयात पाठवलं. तिथले मॅनेजर शंकरप्पा वही उघडून बसले.

"हेसरु? वधूचं नाव सांगा, सर."

"मंगला." हे नाव त्या क्षणी सुचलं.

"वराचं?"

"श्रीहरी."

"दोघांचं आधार कार्ड आणि जन्मदाखला."

"शंकरप्पा, बाहुल्या आहेत हो त्या."

"इरली, सर. असू देत की. पण वयाच्या पुराव्याशिवाय लग्नाला हॉल देऊ नका, असं मालकानं सांगितलंय. अठरा आणि एकवीस."

"दोघंही सत्तरीचे आहेत!"

"तेच तर. पुरावा?"

मी घरी येऊन दोघांना पिशवीत घालून घेऊन गेलो. शंकरप्पांनी मंगलाबाईंना हातात धरलं, चष्मा कपाळावर सारून बराच वेळ न्याहाळलं, आणि एक मोठी शिंक दिली. शिंकून झाल्यावर त्यांचा आवाज बदलला होता.

"नम्म अव्वा, आमची आई, अशीच दिसायची," ते म्हणाले. "असंच थोडकं, तिखट बोलायची, आणि डोळ्यांत पाणी आणायची."

त्यांनी माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं, की सदर वधूवर मी स्वतः शिवले असून दिसण्यावरून प्रत्येकी सत्तर वर्षांचे आहेत. खाली माझी सही, साक्षीदार म्हणून मागोमाग आलेल्या भीमसेनरावांची, आणि त्यावर कार्यालयाचा गोल शिक्का. आयुष्यात मला एकही पुरस्कार मिळालेला नाही. पण बाहुली खरोखर वयस्कर दिसते, असं शिक्क्यानिशी मान्य झालेला मी बहुधा एकटाच कारागीर असेन. तो कागद मी घडी न करता घरी आणला.

शनिवारी दुपारी काय झालं ते काय सांगू! भटजींना बोलावलं नव्हतं. बाहुल्यांच्या लग्नाला भटजी नसतो, बायकाच सगळं असतात. साठ-पासष्टीच्या बायका भातुकलीला बसाव्यात तशा मांडी घालून, ज्यांना मांडी येत नव्हती त्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, पाटाभोवती बसल्या. भीमसेनरावांनी मुलाकडची बाजू घेतली आणि पहिल्या पाच मिनिटांत मानपानावरून रुसले.

मग हळद आली. बारा दिवसांची मेहनत, चहाचा तो नेमका रंग, आणि चाळीस बायकांचे चाळीस पिवळे हात!

"पहिला हात कुणाचा?" कुणीतरी विचारलं.

क्षणभर कुजबुज झाली. अक्का मागे सरकल्या, पदर सावरत भिंतीशी जाऊन बसल्या. श्यामलेनं वाटी उचलली, उठून भिंतीपाशी गेली आणि अक्कांचा हात धरून त्यात बुडवला. "तुम्ही जोडीदार मागितलात म्हणून तो आला," ती म्हणाली. "तुमच्याशिवाय कोण लावणार?" अक्कांनी मंगलाबाईंच्या गालाला हळद लावली. हळद बरोबर वळ्यांत उतरली. मग आवाज मोकळा करून त्यांनी सुरू केलं:

"सत्तरीची नवरी, तिच्या गुडघ्याला तेल चोळा,
नवऱ्याचा चष्मा शोधा, मगच व्हा गं मांडवी गोळा!"

कार्यालय हसण्यानं भरलं. नवरीच्या वतीनं उखाणा श्यामलेनं घेतला. स्वतःच्या लग्नात घेतलेला तिचा उखाणा मला ऐकू आला नव्हता, इतकी ती लाजली होती. आता कमरेवर हात ठेवून खणखणीत म्हणाली:

"हुबळीचं गिरमिट, वर धारवाडी पेढा,
श्रीहरीरावांचं नाव घेते, आधी त्यांना द्या काढा!"

सगळं आटोपल्यावर मी दोघांना उचललं. हळद वळ्यावळ्यांत बसली होती, कपाळावर कुंकू जरा ओघळलं होतं, अक्षतांचे दाणे बुचड्यात अडकले होते, हातांच्या चोळण्यानं गालाचं कापड मऊ पडलं होतं. मी रडवेला होऊन खिडकीशी गेलो, मंगलाबाईंना उजेडात धरलं, आणि पाहतच राहिलो. चहानं आणि दोऱ्यानं मी तिला म्हातारी केली होती खरी. पण ती जगलेली आता दिसत होती.

तरी रात्री उशीवर डोकं टेकल्यावर भीती आलीच. संग्राहकांना स्वच्छ माल लागतो. सकाळी सुई-दोऱ्याचा डबा मी देवघराजवळच्या फडताळात आणून ठेवला. शब्द तो शब्द.

अर्चनाबाई अकराला आल्या. अठ्ठावन्नच्या, उंच, आखूड पांढरे केस. त्यांनी दोघांना मांडीवर घेतलं. दारात, खिडकीत आणि जिन्यावर मिळून गल्ली श्वास रोखून उभी होती. बाईंनी मंगलाबाईंच्या गालावरून अंगठा फिरवला, पोट जरा दाबलं, शिंकल्या. मग पिवळा झालेला अंगठा उजेडाकडे धरला.

"हळद लागलीय," मी कसाबसा म्हणालो. "काल जरा... शांत होती त्यांची."

"सर," त्या म्हणाल्या, "आमचा बाहुल्या जमवणाऱ्यांचा एक गट आहे. तीन वर्षं वाद चाललाय, वय झालेली बाहुली कुणाला हवी का म्हणून. बहुतेक म्हणतात, नको, आम्ही बालपण बघायला जमवतो. पण मी रोज सकाळी कपाट उघडते आणि सहाशे पोरी माझ्याकडे बघतात. एकीचंही वय हलत नाही. त्या घरात म्हातारी होतेय ती मी एकटीच, असं वाटतं हो. मला सोबत हवी होती." त्यांनी श्रीहरीरावांचा चष्मा नीट बसवला. "मी दोघांना नेते."

मी जिंकलो होतो! फडताळाकडे बघून मी मनातल्या मनात सुईला हाक मारली. भीमसेनरावांनी घड्याळात पाहिलं.

"नेते म्हणजे?" श्यामला म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती पदर खोचून पुढे आली. "नेते म्हणजे कुठं नेता? पहिल्या लग्नात पाठवणी असते. सत्तरीच्या शांतीत पाठवणी नसते. शांत झाली की माणसं आपल्याच घरी राहतात."

"बरोबर आहे," जिन्यावरून अक्का. "ऐकलंय का कुणी, सत्तरीच्या नवरीला सासरी धाडलेलं?"

"अगं, पण..." मी म्हणालो. "बाहुली गेली नाही तर माझा शब्द..."

"शब्द तुम्ही दिला होता. त्यांनी नव्हता दिला," श्यामलेनं त्या दोघांकडे बोट केलं. ज्या बाईला बत्तिसावी बाहुली डोक्यावर नको होती, ती तेहतिसाव्या बाहुल्यासाठीसुद्धा भांडत होती. मी एकाच वेळी हरलो आणि असा काही सुखावलो, की चेहऱ्यावर काय आणावं कळेना.

अर्चनाबाई मात्र हसत नव्हत्या. मांडीवरचे दोघे त्यांनी जरा घट्ट धरले होते. ते पाहून भीमसेनराव खाकरले. तहसीलात तीस वर्षं वाटणीचे तंटे पाहिलेला माणूस.

"आमचे अप्पा चार महिने माझ्याकडे असतात, चार महिने गदगला थोरल्या भावाकडे. त्यांची पाठवणी कोण करतं? पण जातात की राहायला. म्हाताऱ्या माणसांना देत नसतात, नेत नसतात. पाळी असते."

मग अक्कांनी मान डोलावली आणि खटला निकालात निघाला. चार महिने बेंगळुरू, चार महिने हुबळी. अर्चनाबाईंनी पर्स उघडली तशा अक्का ओरडल्या, "ए बाई, आईबापाला राहायला न्यायचे पैसे कुणी देतं का?" पर्स बंद झाली. माझी पहिली विक्री तिथंच संपली.

पुढचा अर्धा तास बाईंना सूचना ऐकाव्या लागल्या. श्रीहरीरावांना वाऱ्यात ठेवू नका. मंगलाबाईंना वरच्या खणात नको, गुडघे आहेत. दोघांना शेजारी ठेवा, पण रोज थोडा वेळ पाठ फिरवून ठेवा, तेवढी मोकळीक लागते. पहिलीतल्या पोरींचा गोंधळ फार झाला तर दार लावून घ्या. बाई प्रत्येक सूचनेवर "हो, हो अक्का" म्हणत होत्या, आणि मध्येच त्यांनी खरोखरच पर्समधून पेन काढून लिहून घेतलं. श्यामलेनं शेंगाचटणीची पुडी बांधून दिली. कुणासाठी, ते कुणी विचारलं नाही.

"आणि तुम्ही," ती माझ्याकडे वळली, "तो डबा फडताळातून काढा. आठ-दहा पोरींना हळूहळू मोठं करायला घ्या. सगळ्याच पहिलीत किती वर्षं बसवणार? नापास केल्यासारखं दिसतं."

गाडी गल्लीत लागली होती. मागच्या सीटवर उशी ठेवून दोघांना बसवलं, आणि मग रीत आली. मोठी माणसं गावाला निघाली की नमस्कार करायचा. शंकरप्पा कुठून तरी धावत आले होते, त्यांनी पहिला केला. भीमसेनरावांनी केला, टोपी काढून. बायकांनी केला. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हणालो, "अहो, मी शिवलंय त्यांना!"

"मग?" श्यामला म्हणाली. "तुम्ही त्रेसष्टचे. ते सत्तरचे."

मी सीटला धरून वाकलो. गुडघा असा करकरला की गाडीतल्या ड्रायव्हरनं मागे वळून पाहिलं. चार इंची पावलं, मीच कापून मीच उलटवलेली, टाचेला माझाच एक टाका जरा वाकडा गेलेला. त्यांवर कपाळ टेकलं. हळदीचा आणि मिरचीचा वास एकदम नाकात गेला.

"लवकर या," मी म्हणालो, आणि शिंकलो.